कोंडा, साल आणि चोथा यांपासून प्रीबायोटिक: विकरांना अर्ध्यावर थांबवण्याचा प्रश्न

शर्कराबंध (धागाकर्ता)

अन्नकचऱ्यापासून आरोग्यदायी घटक तयार करण्याविषयीचे लेख हल्ली वारंवार वाचनात येतात आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात एकाच आकड्याने होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पुढच्याच परिच्छेदात गव्हाचा कोंडा, संत्र्याची साल, सफरचंदाचा चोथा आणि चीज करताना उरणारे पाणी यांच्यापासून विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे अन्न, कसे तयार होते, हे सांगितलेले असते. या दोन परिच्छेदांच्या मध्ये एक मोठी उडी आहे, जी लेखकाच्या लक्षात आलेली नसते किंवा त्याने ती सोयीस्करपणे टाळलेली असते. अहवालातील आकडा घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांच्याकडील कचऱ्याचा असून त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा आहे. कोंडा, चोथा आणि चीजचे पाणी हे मात्र कारखान्यांतील उपपदार्थ आहेत आणि ते त्या १०५ कोटींत धरलेलेच नाहीत. ज्या कचऱ्याचा आकडा सांगून आपल्याला हळहळायला लावले जाते, त्याचा या तंत्राला फारसा उपयोग नाही. तंत्राला जे हवे असते, त्याला कचरा म्हणणेच मुळात चुकीचे आहे. या धाग्यात हा भेद मनात ठेवून बोलावे, एवढीच विनंती आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. वनस्पतींच्या पेशीभित्तिका साखरेच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेल्या असतात. कोंड्यात आणि दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसात झायलन असते, फळांच्या सालीत आणि चोथ्यात पेक्टिन असते, आणि सेल्युलोज तर सगळीकडेच असते. अन्नातील कर्बोदके पचवणारी माणसाची स्वतःची विकरे वीसच्या आतच आहेत आणि ती प्रामुख्याने स्टार्च, ऊस-साखर आणि दुधातील लॅक्टोज यांच्यापुरतीच चालतात. याउलट आपल्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस गटातील एकेका जिवाणूकडे साखळ्या तोडणारी विकरे अडीचशेहून अधिक असू शकतात. त्यामुळे जे आपल्याला पचत नाही ते त्यांचे अन्न ठरते. ते आंबवून हे जिवाणू अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग ब्युटिरेटमधून मिळतो.

तरीही लांब साखळी असलेला कोंडा आणि तीच साखळी चार-पाच कड्यांची करून घेतलेली पूड यांत फरक आहे. आखूड साखळ्या पाण्यात विरघळतात, पेयात किंवा कणकेत मिसळतात, तोंडात खरखरीत लागत नाहीत आणि बिफिडोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंना सहज उचलता येतात. दोन-तीन ते दहा कड्यांच्या या साखळ्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. विकरांचे काम एवढेच की लांब साखळी तोडून आखूड करायची. सगळी गंमत आणि सगळी अडचण त्या 'एवढेच' या शब्दात दडलेली आहे, कारण विकराला कुठे थांबायचे हे ठाऊक नसते.

काही वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेत कोंड्यातील झायलनवर काम करत होतो. ५० अंश सेल्सिअस आणि आम्लतेचा अंक (पीएच) पाचच्या आसपास ठेवून बुरशीपासून मिळवलेले विकर घातले, संध्याकाळी तपासले तेव्हा दोन, तीन आणि चार कड्यांच्या साखळ्या छान दिसत होत्या. उत्पन्न थोडे वाढेल या लोभाने मिश्रण रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी पाहतो तो जवळजवळ सगळे सुटे झायलोज झालेले. त्या विकराच्या पुडीत झायलन तोडणाऱ्या झायलनेजच्या जोडीला बीटा-झायलोसिडेज नावाचे दुसरे विकर होते, जे आखूड साखळ्यांच्या टोकाकडून एकेक कडी सोडवत जाते. माझ्या हाती प्रीबायोटिकऐवजी एक साधी साखर आली होती. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की या विषयातील खरे कौशल्य तोडण्यात नसून अर्ध्यावर थांबण्यात आहे.

झायलनेजमध्येही प्रकार आहेत, आणि रचनेनुसार त्यांना क्रमांकित कुलांत विभागले आहे. अकराव्या कुलातील विकराला तोडण्यासाठी साखळीचा बाजूच्या फांद्या नसलेला मोकळा तुकडा लागतो, म्हणून त्यापासून तुलनेने लांब तुकडे मिळतात. दहाव्या कुलातील विकर फांदीच्या अगदी जवळही तोडू शकते, त्यामुळे त्याचे तुकडे आखूड असतात. कोणते निवडायचे, हे कच्चा माल आणि हवे असलेले उत्पादन यांवरून ठरवावे लागते. जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत.

निरंजनी

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. तंतुमय पदार्थ आणि प्रीबायोटिक या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे का? माझ्या घरात हे दोन्ही शब्द, आणि त्यांच्याबरोबर प्रोबायोटिकही, एकाच अर्थाने वापरले जातात.

शर्कराबंध (धागाकर्ता)

एकच नाही. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास लाभदायक ठरणारे जिवंत जिवाणू, आणि प्रीबायोटिक म्हणजे आधीपासून आत असलेल्या जिवाणूंचे अन्न. हा दुसरा शब्द १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी मांडला. त्या वेळी तो मोठ्या आतड्यातील थोड्या निवडक जिवाणूंच्या वाढीपुरता मर्यादित होता. २०१७ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेने व्याख्या रुंद केली. यजमानाच्या शरीरातील सूक्ष्मजीव जो पदार्थ निवडकपणे वापरतात आणि त्या वापरातून यजमानाला आरोग्यलाभ होतो, तो प्रीबायोटिक, असा तिचा आशय आहे.

या व्याख्येतील दोन अटींकडे मुद्दाम लक्ष वेधतो. पहिली अट निवडकपणाची आहे: जो पदार्थ झाडून सगळे जिवाणू सारख्याच आवडीने खातात तो तंतुमय असेल, पण प्रीबायोटिक ठरणार नाही. दुसरी अट लाभाची आहे आणि तो लाभ माणसांवरील प्रयोगातून दिसायला हवा, काचेच्या भांड्यात जिवाणू वाढले म्हणून भागत नाही. त्यामुळे इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (दोन्ही फ्रुक्टोजच्या साखळ्या) तसेच गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड (गॅलॅक्टोजच्या साखळ्या) यांच्याबाबत पुरावा भक्कम आहे, झायलनपासून मिळणाऱ्या आखूड साखळ्यांबाबत बऱ्यापैकी आहे, तर पेक्टिनपासून मिळणाऱ्या साखळ्यांबाबत अजून मुख्यतः काचेच्या भांड्यांतलाच आहे. संत्र्याच्या सालीविषयीच्या उत्साही मथळ्यांकडे मी थोड्या सावधपणे पाहतो, ते याच कारणामुळे.

मंथनकार

मी दुग्धतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आहे, म्हणून चीजच्या पाण्याविषयी, म्हणजे व्हेविषयी, लिहितो. दहा लिटर दुधाचे चीज केले तर सुमारे नऊ लिटर व्हे उरते आणि त्यात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असते. हे पाणी तसेच नदीत सोडले तर अनर्थ होतो, कारण ते कुजवण्यासाठी जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन प्रचंड प्रमाणात ओढून घेतात. जैविक ऑक्सिजन मागणीच्या भाषेत सांगायचे तर व्हेचा आकडा लिटरमागे ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम इतका असतो, तर घरगुती सांडपाण्याचा काही शेकड्यांत.

धागाकर्त्यांनी तोडण्याची गोष्ट सांगितली, तर इथे जोडण्याची आहे, आणि मला ती जास्त सुंदर वाटते. लॅक्टोज ही दोन कड्यांची साखर आहे. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर तिच्यातील गॅलॅक्टोजची कडी पकडते, ग्लुकोज सोडून देते आणि क्षणभर गॅलॅक्टोज स्वतःला चिकटवून ठेवते. अशा विकरांचा हा दोन टप्प्यांचा व्यवहार जीवरसायनशास्त्रज्ञ कोशलँड यांनी १९५३ मध्येच सुचवला होता. आता प्रश्न असा की ही पकडलेली कडी कुणाच्या हवाली करायची? समोर पाण्याचा रेणू आला तर कडी सुटी होते आणि तोडण्याचे काम पुरे होते. पण पाण्याऐवजी दुसरे लॅक्टोज समोर आले तर कडी त्याला जोडली जाते आणि तीन कड्यांची साखळी तयार होते, पुढे चार कड्यांचीही होते. हेच गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड.

म्हणजे सगळा खेळ पाणी आणि लॅक्टोज यांच्यातील चढाओढीचा आहे, आणि पातळ व्हेमध्ये पाणीच जिंकते. म्हणून व्हेतील प्रथिने गाळून वेगळी काढतात आणि उरलेले लॅक्टोज ३० ते ४० टक्के किंवा त्याहूनही दाट होईपर्यंत आटवतात. थंड पाण्यात इतके लॅक्टोज विरघळत नाही, त्यामुळे प्रक्रिया गरम ठेवावी लागते आणि तापमान सोसणारे विकर निवडावे लागते. एवढे करूनही साधारण ३० ते ४० टक्के लॅक्टोजच कामी येते. जास्त वेळ थांबलो तर आणखी मिळेल, असे नव्या माणसाला वाटते, पण लॅक्टोज कमी होऊ लागले की तेच विकर स्वतः जोडलेल्या साखळ्या पुन्हा तोडायला लागते. उत्पन्नाचा आलेख डोंगरासारखा चढतो आणि उतरतो, आणि शिखरावर असतानाच विकर तापवून निकामी करावे लागते. थोडक्यात, तुमचा रात्रभराचा किस्सा आमच्याकडेही घडतो.

एक उपयोगी माहिती जोडतो: अशा उत्पादनात उरलेले लॅक्टोजही असते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड घेताना ते शुद्ध केलेले आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

उलटतपासणी

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला एक मूलभूत प्रश्न पडतो. गव्हाचा कोंडा आधी काढायचा, तो उच्च तापमानाच्या पाण्यात शिजवायचा, विकर घालायचे, गाळायचे, शुद्ध करायचे, वाळवायचे आणि ती पूड पुन्हा मैद्याच्या पदार्थात घालून आरोग्यदायी म्हणून विकायची. त्यापेक्षा कोंड्यासकट धान्य खाल्ले तर काय बिघडते? आधी काढून घ्यायचे आणि मग परत विकायचे, हा व्यवहार मला आरोग्यापेक्षा बाजाराचा जास्त वाटतो.

पथ्यकर

आहारतज्ज्ञ म्हणून मी उलटतपासणी यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. अख्खे धान्य, डाळी, भाज्या आणि फळे ज्यांना खाता येतात, पचतात आणि मिळतात, त्यांनी आधी तेच खावे. कोंड्यात आखूड साखळ्यांची सामग्री असते, शिवाय खनिजे, जीवनसत्त्वे, फेरुलिक आम्ल आणि मल पुढे ढकलणारा न विरघळणारा भागही असतो. पुडीत यांतले काहीच नसते.

परंतु सगळ्यांनाच ते शक्य नसते. फॉर्म्युला दुधावर वाढणारी बाळे हे यातले सर्वांत ठळक उदाहरण. आईच्या प्रसूतीनंतर स्थिरावलेल्या दुधात लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम इतकी ऑलिगोसॅकराइड असतात, त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि बाळाला त्यांतले जवळजवळ काहीच पचत नाही. एवढी मेहनत घेऊन निसर्ग जे दुधात घालतो ते बाळासाठी नसून बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियासाठी असते. म्हणून बाळांच्या दुधात गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड आणि लांब साखळीचे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नवास एक या प्रमाणात मिसळण्याची पद्धत रूढ झाली. चावता न येणारे वृद्ध आणि नळीवाटे अन्न घेणारे रुग्ण यांनाही कोंडा देता येत नाही, विरघळणारी पूड देता येते.

दाव्यांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये चिकोरीच्या मुळातील इन्युलिनबाबतचा दावा ग्राह्य धरला, तो फक्त एवढाच होता की दिवसाला १२ ग्रॅम घेतल्यास शौचाची वारंवारता वाढून पोट नियमित साफ होण्यास मदत होते. प्रतिकारशक्ती, मनःस्वास्थ्य आणि वजन यांविषयी जाहिरातींत जे लिहिले जाते त्यातले काहीच या दाव्यात नाही. आतड्यात अमुक जिवाणू वाढले, एवढ्यावर आरोग्याचा दावा करता येत नाही, अशीही त्या संस्थेची भूमिका आहे, आणि ती मला योग्य वाटते.

मात्रेचा प्रश्नही आहे. झायलनच्या आखूड साखळ्या दिवसाला एक ते तीन ग्रॅम इतक्या कमी मात्रेत परिणाम दाखवतात असे लहान चाचण्यांत दिसले आहे, तर इन्युलिन त्याहून बरेच जास्त लागते. कमी मात्रेचा फायदा असा की पोट कमी फुगते. कारण आंबवणे म्हटले की वायू आलाच. ज्यांना आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास आहे त्यांना याच साखळ्या बाधतात, आणि अशा रुग्णांना काही आठवडे जो आहार दिला जातो त्यात तर ऑलिगोसॅकराइड कटाक्षाने टाळली जातात. त्यामुळे 'सर्वांसाठी हितकारक' असे वाक्य दिसले की मी ते उत्पादन बाजूला ठेवते.

उलटतपासणी

बाळांचा मुद्दा मान्य. माझा आक्षेप मैद्यात घालण्यापुरता मर्यादित ठेवतो.

तव्यावरची

घरी फळांच्या साली, साखर आणि पाणी तीन महिने बंद डब्यात ठेवून जे 'बायो-एन्झाइम' करतात, त्यातही असे प्रीबायोटिक तयार होत असेल का? मी दोन वर्षे करते आहे आणि फरशी पुसायला वापरते. पिण्यायोग्य असते असेही कुठेतरी वाचले.

शर्कराबंध (धागाकर्ता)

कृपया पिऊ नका. एक भाग साखर, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी या मिश्रणात घडते ते आंबवणे. यीस्ट आणि जिवाणू आधी साखरेचा मद्यार्क करतात, मग त्याचे अॅसेटिक आम्ल होते. फरशी स्वच्छ होते ती प्रामुख्याने त्या आंबटपणामुळे. नावात एन्झाइम असले तरी तीन महिन्यांच्या आम्लात टिकून राहिलेली विकरे फारच थोडी असणार, आणि सालीतून पाण्यात उतरलेल्या थोड्याफार आखूड साखळ्या असल्याच तरी त्या आधी त्या डब्यातल्याच जिवाणूंच्या तोंडी पडतात. शिवाय त्या डब्यात कोणकोणते सूक्ष्मजीव वाढले यावर आपले काहीच नियंत्रण नसते. फरशीसाठी ते चालू ठेवायला हरकत नाही, फक्त झाकण अधूनमधून सैल करत जा, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत वायू साठून डबा फुटू शकतो.

चाळणीवाला

मी प्रक्रिया अभियंता आहे आणि आतापर्यंतच्या चर्चेत पाण्याचा हिशेब कुणी मांडला नाही याचे नवल वाटते. उदाहरणादाखल एक ढोबळ गणित करून पाहू. रस काढल्यावर उरलेला सफरचंदाचा १०० किलो ओला चोथा घेतला आणि त्यात ७५ टक्के पाणी धरले, तर कोरडा माल २५ किलो. त्यात १२ टक्के पेक्टिन धरले तर ३ किलो. त्यातील निम्म्याच्या हव्या तशा आखूड साखळ्या झाल्या, तर हातात आले दीड किलो. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव किलोंचे काय करायचे, याचे उत्तर आधी द्यावे लागते, विकराची निवड नंतर.

ओला चोथा एक-दोन दिवसांत आंबतो. साठवायचा तर वाळवायला हवा, आणि वरच्या उदाहरणात १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचे म्हटले तर सुमारे ७२ किलो पाणी उडवावे लागेल. पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २,२६० किलोजूल उष्णता लागते, म्हणजे कोणतीही गळती न धरता १६३ मेगाजूल, अर्थात ४५ युनिट विजेइतकी उष्णता, आणि तीही दीड किलो उत्पादनासाठी. त्यामुळे असा कारखाना रसाच्या कारखान्याला खेटूनच असला पाहिजे, जेणेकरून चोथा ओला असतानाच विकराच्या टाकीत जाईल. चोथा ट्रकने दूर नेऊन मग वाळवण्याच्या योजना मी कागदावर पाहिल्या आहेत. त्या तिथेच राहिलेल्या बऱ्या.

दुसरा मुद्दा विषांचा. विकर साखळ्या तोडते, त्याला बुरशीच्या विषाशी देणेघेणे नसते. सडक्या सफरचंदांतून पॅट्युलिन येते, ज्याची सफरचंदाच्या रसातील आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. गव्हाच्या दाण्यावर फ्युझेरियम बुरशी असेल तर तिचे विष आतल्या पिठापेक्षा कोंड्यात जास्त साचते. फवारलेल्या औषधांचे अवशेषही सालीवरच राहतात. आपण नेमका तोच भाग उचलत असल्यामुळे रसाच्या किंवा पिठाच्या तपासणीपेक्षा चोथ्याची आणि कोंड्याची तपासणी अधिक कडक असायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलट दिसते, कारण उपपदार्थ म्हटला की लोकांची नजर सैल होते.

लाकडासारख्या कठीण मालासाठी, म्हणजे मक्याच्या कणसासाठी किंवा उसाच्या चिपाडासाठी, विकरापूर्वी दाबाखालील, १५० ते २०० अंश तापमानाच्या पाण्याचा शेक द्यावा लागतो. त्या उष्णतेत झायलनवरील अॅसिटिल गट सुटून अॅसेटिक आम्ल बनते आणि तेच आम्ल साखळी सैल करते, बाहेरून आम्ल घालावे लागत नाही. फक्त मिनिटे चुकली तर झायलोज जळून फर्फ्युरल होते आणि मग ते काढत बसावे लागते. इथेही अर्ध्यावर थांबणेच आहे, फक्त घड्याळ तासांऐवजी मिनिटांचे.

निरंजनी

दीड किलोसाठी एवढी उष्णता? मग उरलेला चोथा कुठे जातो?

चाळणीवाला

पशुखाद्यात किंवा बायोगॅसच्या टाकीत. बायोगॅससाठी तो वाळवावा लागत नाही, आणि त्यातून मिळालेली उष्णता पुढच्या घाण्याला वापरता येते. बिअरनंतर उरणाऱ्या बार्लीच्या चोथ्याचा हिशेब त्या मानाने बरा बसतो. १०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो, त्याच्या कोरड्या भागात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिने असतात आणि जवळपास तेवढेच अराबिनोझायलन (फांद्या असलेले झायलन). आधी प्रथिने, मग आखूड साखळ्या आणि शेवटी उरलेले बायोगॅसला, असा क्रम लावता येतो. एकट्या प्रीबायोटिकवर कारखाना उभा राहणे मला अवघड दिसते.

ओलावा

शिळ्या ब्रेडचा प्रश्न कुणीच घेतला नाही. बेकऱ्यांकडून आणि दुकानांकडून परत येणारा ब्रेड हा खराखुरा अन्नकचरा आहे, तुलनेने कोरडा आहे, एकजिनसी आहे आणि त्यात स्टार्च भरपूर आहे. त्यापासून प्रीबायोटिक का करू नये?

शर्कराबंध (धागाकर्ता)

चांगला प्रश्न आहे, आणि माझ्या पहिल्या परिच्छेदातील भेदाला हा अपवाद ठरू शकतो हे मान्य करतो. अडचण वेगळी आहे. स्टार्चच्या साखळ्या आपल्याला पचतात, त्यामुळे त्या नुसत्या आखूड करून उपयोग नाही, सांधा बदलावा लागतो. त्यासाठी आधी अॅमिलेजने स्टार्चचे माल्टोज करतात आणि मग ट्रान्सग्लुकोसिडेज या विकराने ग्लुकोजच्या कड्या वेगळ्या जागी जोडतात, ज्यातून आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड मिळते. तंत्र जुने आहे. पण हा पदार्थ लहान आतड्यात बऱ्यापैकी पचतो आणि रक्तातील ग्लुकोज वाढवतो, असे माणसांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून त्याला तंतुमय म्हणून विकणे मला प्रामाणिक वाटत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर वेष्टनावरील हे नाव ओळखून ठेवावे.

दुसरी वाट मला अधिक आशादायक वाटते. पुल्युलेनेज हे विकर स्टार्चच्या फांद्या छाटते आणि सरळ काड्या उरतात. द्रावण थंड केले की त्या काड्या एकमेकींना चिकटून घट्ट स्फटिकासारख्या बसतात आणि मग आपल्या विकरांना दाद देत नाहीत. हे प्रतिरोधी स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन ब्युटिरेट वाढवते, मात्र प्रत्येकाच्या आतड्यात ते आंबवणारे जिवाणू सारखे नसल्याने परिणामात माणसागणिक फरक पडतो.

उलटतपासणी

कायद्याचा कोपरा राहिला. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात उपपदार्थ आणि कचरा यांच्यात स्पष्ट रेघ आखली आहे. वापर निश्चित असेल, नेहमीच्या औद्योगिक प्रक्रियेपलीकडे वेगळी प्रक्रिया न करता थेट वापरता येत असेल, तो उत्पादनाचाच अविभाज्य भाग म्हणून निघत असेल आणि वापर कायदेशीर असेल, तरच तो उपपदार्थ. एकदा एखादी गोष्ट कचऱ्याच्या डब्यात गेली की ती पुन्हा माणसाच्या अन्नात आणणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे धागाकर्त्यांचा आक्षेप केवळ शब्दाचा नाही. साल सोलताक्षणी ती स्वच्छ भांड्यात पडते की फरशीवर, यावर तिचे भवितव्य ठरते. शिवाय तयार झालेला पदार्थ नवा असेल तर त्याला नव-अन्न म्हणून वेगळी मंजुरी लागते. मक्याच्या कणसापासूनच्या झायलो-ऑलिगोसॅकराइडला युरोपात ती २०१८ मध्ये मिळाली.

पथ्यकर

म्हणजे घरातल्या ताटात उरलेल्या अन्नाला या तंत्राचा काहीच आधार नाही, असे समजायचे का?

शर्कराबंध (धागाकर्ता)

प्रीबायोटिकपुरते बोलायचे तर नाही. मिसळलेल्या उष्ट्यात मीठ, तेल, प्रथिने, शिजलेले स्टार्च आणि हाडे एकत्र असतात. त्यातून एक शुद्ध साखळी वेगळी काढण्याचा खटाटोप चाळणीवाला यांच्या दीड किलोच्या गणितापेक्षाही वाईट निघेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये वाया जाणाऱ्या अन्नाची नवी उतरंड प्रसिद्ध केली, तिच्यात सर्वांत वर अन्न वाया जाऊ न देणे आहे आणि त्याखालोखाल दान व पुन्हा अन्नातच रूपांतर. उष्ट्यासाठी यांतली पहिलीच पायरी खरी. ती हुकली तर बायोगॅस किंवा खत.

शुद्धीकरणाविषयी मला दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले, त्याचे उत्तर इथेच देतो. विकराचे काम झाल्यावर द्रावणात सुट्या साखरा, आखूड साखळ्या, न तुटलेल्या लांब साखळ्या, रंग आणि क्षार असे सगळेच असते. लांब साखळ्या आणि विकर एका पडद्याने अडवतात, मग त्याहून बारीक छिद्रांच्या पडद्यातून सुट्या साखरा आणि क्षार निघून जाऊ देतात आणि मधला भाग राखतात. रंग सक्रिय कोळशाने काढतात. पहिला पडदा टाकीलाच जोडला, तर विकर आत अडकून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि साखळी पुरेशी आखूड होताच छिद्रातून निसटून विकराच्या तावडीतून सुटते. थांबण्याची वेळ मग घड्याळाकडे पाहून ठरवावी लागत नाही, ते काम छिद्राचा आकार करतो. कोंड्यावर हे चालवायचे तर पडदा तुंबतो, म्हणून आधी सगळा न विरघळणारा गाळ नीट काढून घ्यावा. आमचे पहिले दोन पडदे त्यातच गेले.